वजनाचा काटा हलत नाही, आता जिद्द कुठून आणू?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४६ वर्षांच्या असून सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करतात. घरी पती, सासूबाई आणि दोन मुले आहेत. त्यांची उंची ५ फूट २ इंच. गेल्या दिवाळीनंतर केलेल्या तपासणीत वजन ८४ किलो आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा, आला, तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. ६४ किलोचे लक्ष्य मात्र त्यांनी स्वतःच ठरवले, कारण धाकट्या मुलाच्या वेळी दिवस जाण्यापूर्वी त्यांचे वजन तेवढे होते. पहिल्या साडेचार महिन्यांत नऊ किलो उतरले. त्यानंतरचे दहा आठवडे काटा ७५ च्या पुढेमागे अडून बसला आहे. पाऊस लागल्यापासून सकाळचे चालणे आठवड्यातून जेमतेम दोनदा होते, घरच्यांसाठी वेगळा आणि स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करून त्या कंटाळल्या आहेत, आणि त्यांच्याच संस्थेतील एका सहकाऱ्याने दिवसातून दोनदाच जेवून तीन महिन्यांत बारा किलो कमी केले आहेत. त्या विचारतात, "पहिल्या महिन्यातली जिद्द कुठे गेली? माझी इच्छाशक्तीच कमी आहे का? उरलेले अकरा किलो उतरवायला ती पुन्हा कशी आणू, की सरळ वजन उतरवणारे इंजेक्शन घेऊ?"

उत्तर:

तुमच्या पत्रातला एक हिशेब तुम्ही अर्धाच मांडला आहे, तो आधी पुरा करू या. ८४ पैकी नऊ किलो म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ ११ टक्के. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जीवनशैली बदलणाऱ्या गटापुढे सात टक्के वजन कमी करण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. सरासरी पावणेतीन वर्षांनंतर त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या कारणासाठी डॉक्टरांनी तुम्हाला वजन उतरवायला सांगितले, त्या कारणापुरते पाहिले तर तुम्ही या अभ्यासातल्या वजनाच्या उद्दिष्टाच्याही पुढे गेला आहात. असे असताना तुमच्या पत्रात साखरेचा उल्लेख एकदाच येतो आणि तोही गेल्या दिवाळीनंतरचा. सात महिन्यांत ती तपासणी पुन्हा केल्याचे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. ती आधी करून घ्या. तुमच्या कष्टांचे काय झाले, हे सांगणारा सर्वांत महत्त्वाचा कागद अजून तुमच्या हातात आलेलाच नाही आणि तुम्ही मात्र स्वतःला नापास ठरवून मोकळ्या झाला आहात.

दुसरा प्रश्न त्या ६४ चा. हा आकडा डॉक्टरांनी दिलेला नाही आणि उंची-वजनाच्या कोष्टकातूनही आलेला नाही. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, २३ च्या आत असावा असे धरले, तर तुमच्या उंचीला वजन सुमारे ५७ किलो हवे, म्हणजे त्या मापाने ६४ सुद्धा जास्तच ठरते. हा आकडा आठवणीतून आलेला आहे. आपल्या तरुणपणाचे वजन पुन्हा मिळवावे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यात काही गैर नाही, पण ती एक इच्छा आहे, वैद्यकीय गरज नव्हे, हे स्वतःशी स्पष्ट असलेले बरे. नाहीतर ७५ किलोची, साखर आटोक्यात आलेली, जिना न धापता चढणारी बाई स्वतःला हरलेली समजू लागते.

शिवाय काट्यावरच्या आकड्याला किती मान द्यायचा, याबद्दल आपल्याकडच्याच एका संशोधकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के चरबी निघाली. २००४ साली हे त्या दोघांच्या छायाचित्रासह 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आपल्या लोकांत चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेहाशी तिचा अधिक जवळचा संबंध असतो, म्हणून काट्याइतकीच शिंप्याची टेपही महत्त्वाची आहे. भारतीय स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर मानतात. तुमचा घेर किती होता आणि आज किती आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, श्वास सहज सोडलेल्या स्थितीत, बरगड्यांची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप लावून तो मोजा आणि वहीत लिहा.

आता इच्छाशक्तीबद्दल. पहिल्या महिन्यात जिद्द होती म्हणून वजन उतरले, असे तुम्ही धरून चालला आहात. मला यात क्रम उलटा लागला आहे असे वाटते, निदान अर्धा तरी. सुरुवातीला खाणे कमी केले की यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरली जाते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते आणि तेही निघून जाते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा भरभर खाली येतो, ब्लाउज सैल होतो, शेजारीपाजारी विचारू लागतात, आणि त्या आनंदावर माणूस पहाटे साडेपाचला उठून मैदानावर जातो. उत्साह हा पुष्कळदा मिळालेल्या फळाचा परिणाम असतो. फळ दिसेनासे झाले की तो ओसरणारच, आणि तो ओसरला यावरून तुमच्या स्वभावाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

फळ दिसेनासे का झाले, याचे कारणही शरीरात आहे. वजन घटवणाऱ्या लोकांच्या मोजमापांवरून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा हिशेब मांडला की, घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० उष्मांकांनी कमी होतो, तर भूक मात्र दिवसाला सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. तुमच्या नऊ किलोंना हे लावून पाहा. तुमचे शरीर आज पूर्वीपेक्षा दोनशेच्या आसपास उष्मांक कमी खर्च करते, आणि सुटे सोडले तर ते दिवसाला जवळजवळ नऊशे उष्मांक अधिक मागेल. लेप्टिन हे पोट भरल्याची खबर देणारे संप्रेरक चरबी घटल्यावर कमी होते आणि भूक जागवणारे घ्रेलिन वाढते. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात हे बदल वजन उतरल्यानंतर वर्षभराने मोजले तेव्हाही टिकून होते. डिसेंबरात जेवढ्या निग्रहाने काम भागत होते, तेवढ्याने जुलैत भागत नाही, कारण पलीकडची ओढ वाढली आहे. एवढ्या ओढीला तोंड देत दहा आठवडे वजन परत वर जाऊ न देणे, हे कमी इच्छाशक्तीच्या माणसाचे काम नाही. बहुतेकांचे वजन याच टप्प्यावर पुन्हा चढू लागते. तुमचे जागच्या जागी आहे.

म्हणून जिद्द कशी आणू, या प्रश्नाऐवजी जिद्दीवाचून काय काय चालेल असे करता येईल, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. तुमच्या पत्रात यासाठी भरपूर सामग्री आहे, आणि त्यातली सर्वांत मोठी जागा म्हणजे तुमचे स्वयंपाकघर.

तुम्ही दोन स्वयंपाक करता. घरच्यांना पोळी, तेलाची तर्री आलेली भाजी, आमटी-भात. तुम्हाला वाफवलेल्या भाज्या आणि भाकरी. सकाळी दहाला नोकरीवर पोहोचायचे असलेल्या बाईने हे सात महिने केले, याचेच मला आश्चर्य वाटते. हा बेत टिकणार नव्हताच, कारण त्यात रोज दुप्पट काम आहे आणि शिवाय रोज स्वतःला वेगळ्या पंगतीला बसवणे आहे. त्यापेक्षा स्वयंपाक एकच करा आणि तो सगळ्यांसाठीच थोडा बदला. पाच माणसांच्या घरात महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ३३ मिलिलिटर तेल पोटात जाते, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांहून अधिक, आणि एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतात. तोच वापर साडेतीन लिटरवर आणला तर प्रत्येकाचे रोजचे ऐंशीएक उष्मांक वाचतात आणि चवीत कोणाला फारसा फरक कळतही नाही, फक्त फोडणीत तेल थेट बुधलीतून ओतायचे नाही, चमच्याने मोजून घालायचे. ताटात तुमचा वाटा बदला: भाजी आणि उसळ आधी आणि जास्त, पोळी किंवा भाकरी मोजून, भात शेवटी थोडा. मूग, मटकी, हरभरा, डाळ, ताक, खात असाल तर अंडी, यांतली प्रथिने दोन्ही वेळच्या जेवणात असू द्या. त्याने पोट भरल्याची भावना टिकते आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात.

स्वयंपाकघरातली दुसरी गोष्ट तुम्ही जाताजाता लिहिली आहे, पण माझे लक्ष तिथेच अडकले: "रात्रीचे उरलेले संपवायचे काम माझ्याकडेच असते, अन्न टाकवत नाही." रात्री दहाच्या सुमारास ओटा आवरताना कढईच्या तळाशी दोन चमचे वांग्याची भाजी उरलेली असते, सगळे तेल तिथेच उतरलेले असते, डब्यात अर्धी पोळी असते, आणि ती पोळी कढईत फिरवून उभ्या उभ्या तोंडात टाकली जाते. याला कोणी जेवण म्हणत नाही, म्हणून ते तुमच्या वहीत येत नाही. पण त्यात सहज शंभर-दीडशे उष्मांक असतात, आणि शरीराचा खर्च दोनशेने घटलेल्या काळात काटा अडवून धरायला तेवढे पुरतात. आपल्याकडे बाईने शेवटी जेवायचे आणि उरलेले तिनेच संपवायचे, ही रीत इतकी मुरलेली आहे की ती कोणी ठरवली हे विचारायचेही राहून जाते. तुम्ही सगळ्यांबरोबर बसून जेवा. जेवणे होताच उरलेले डब्यात भरून शीतकपाटात ठेवा आणि सकाळी त्याच भाजीचे थालीपीठ किंवा पराठा होऊ द्या, किंवा अन्नाची काळजी मुलांकडे आणि त्यांच्या वडिलांकडेही थोडी सोपवा. संध्याकाळच्या स्वयंपाकात उद्यापासून अर्धी वाटी डाळ आणि दोन पोळ्या कमी केल्या, तर बरेचसे आपोआप सुटेल.

चालण्याचे मी थोडक्यात सांगतो. मैदानावर चिखल झाला की चालणे बंद, हा तुमचा नियम होऊन बसला आहे. पाऊस असेल त्या दिवशी काय करायचे, हे पाऊस पडण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे, कारण पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या घेतलेला निर्णय काय असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पतसंस्थेच्या इमारतीचा जिना, घरातल्या घरात पंचवीस मिनिटे येरझाऱ्या, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून केलेले दंड, गुडघे चांगले असतील तर सूर्यनमस्कार, यांतले काहीही चालेल. स्नायूंना ताण देणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा हवाच, विशेषतः पाळी जाण्याच्या वयात. वजन हलले नाही तरी चालणे वाया जात नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ लोकांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायाम सुधारणाऱ्या गटात मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले, आणि ते वजनात फारशी घट झालेली नसतानाही.

तुमच्या सहकाऱ्याबद्दल. दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली, आणि दर दोन तासांनी थोडे थोडे खा असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञांशी तिची तुलना करत लोकांनी लग्नाच्या पंगतीत वाद घातले. ज्यांच्या एकूण खाण्यात तिच्यामुळे घट होते, त्यांचे वजन उतरते. उपवासाच्या वेळा पाळणाऱ्या आणि नुसतेच मोजून खाणाऱ्या लोकांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दोन्हीकडची घट साधारण सारखीच आढळली आहे, तेव्हा कोणती पद्धत आपल्याच्याने निभते हाच खरा प्रश्न. त्यातून ते पुरुष आहेत. त्यांच्या शरीरात स्नायू अधिक आणि म्हणून उष्मांकांचा खर्च अधिक. तीन महिन्यांच्या आकड्यावरून मी तरी कोणाचीही पाठ थोपटणार नाही. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा बहुतेकांचे पुष्कळसे वजन परत आलेले होते आणि त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या वेळचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच राहिला होता. सहकाऱ्याला शुभेच्छा द्या आणि तुलना पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत लांबणीवर टाका.

यंदाच्या दिवाळीचा विषय निघालाच आहे, तर पुढच्या चार महिन्यांबद्दल माझी एक सूचना आहे, आणि ती ऐकून तुम्ही कदाचित नाराज व्हाल. श्रावण, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी अशी ओळ लागलेली असताना अकरा किलोंच्या मागे धावू नका. भाऊबीज होईपर्यंत ७५ च्या वर जायचे नाही, एवढेच ठरवा. मोदक खा, पुरणपोळी खा. सणाच्या दिवशीचे सणाच्या दिवशी. जपायचे ते सणानंतरचे चार दिवस, जेव्हा फराळाचे डबे येता-जाता उघडले जातात. उपवासांकडेही जरा डोळसपणे पाहा, कारण साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाणे यांच्या जोरावर "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच घरात खरी होत असते. वजन आहे तिथे सांभाळणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि पुढे जे काही उतरेल ते टिकवायलाही तेच लागणार आहे. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते ज्यांनी किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवले आहेत. तिच्यातल्या चारांपैकी तिघे आठवड्यातून किमान एकदा वजन करतात आणि बहुसंख्य लोक रोज तासाभराची हालचाल करतात. तुम्हीही आठवड्यातून एकाच वारी, सकाळी, काही खाण्यापूर्वी वजन करा. आदल्या दिवशीचे लोणचे-पापड किंवा पाळीपूर्वीचे दिवस यांनी काटा किलोभर सहज वर दिसतो, म्हणून चार आठवड्यांची सरासरी पाहा. सरासरी ७६.५ च्या वर गेली, तर तेव्हा काय करायचे, तेही आजच लिहून ठेवा: संध्याकाळची बिस्किटे बंद, चहातली साखर निम्मी. चार कपांत दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला १६० उष्मांक होतात.

सासूबाईंच्या आग्रहाबद्दल तुम्ही चिडून लिहिले आहे. त्या पिढीत माया दाखवायची ती वाढूनच, आणि "माझे डाएट आहे" हे उत्तर त्यांना नकारासारखे लागते. "आई, डॉक्टरांनी साखरेसाठी सांगितले आहे" हे त्यांना पटेल, कारण त्यांच्या माहितीत मधुमेहाने पाय गमावलेले कोणीतरी असतेच. त्यांना आणि स्वतःच्या यजमानांना काय करू नका हे सांगण्यापेक्षा काय करा ते सांगा: सकाळची कोशिंबीर सासूबाईंनी चिरायची, आणि तुम्ही चालायला गेल्यावर मुलांचे डबे यजमानांनी भरायचे. पहाटेची पंचेचाळीस मिनिटे तुमच्या वाट्याला आली नाहीत, तर माझा बाकीचा सल्ला कागदावरच राहील.

इंजेक्शनचा विचार मनात आला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले. मात्र औषध थांबवल्यानंतरच्या वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, म्हणजे हा दोन महिन्यांचा उपाय नव्हे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास होऊ शकतात, खर्च दीर्घकाळ चालणारा असतो, आणि काही आजारांत ही औषधे देत नाहीत. तुमचा बीएमआय आज ३० च्या किंचित वर आहे, त्यामुळे हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगा नक्कीच आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारण्याजोगा मुळीच नाही.

अशाच स्थितीतल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी येथेच सांगतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा किंवा उपवास स्वतःच्या मनाने बदलू नयेत. साखर एकदम उतरून चक्कर येण्याचा धोका असतो. आणि ज्यांना खाल्ल्यानंतर लाज वाटते, जे लपून खातात, मुद्दाम उलटी करतात किंवा काट्यावरून उतरल्यावर दिवसभर रडू येते, त्यांनी वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

तुम्ही या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. एचबीएवनसी, रक्तातील चरबी, रक्तदाब आणि थायरॉईड या तपासण्या करून घ्या, कारण थायरॉईड मंदावले असेल तर वजन अडण्याचे तेही एक कारण असू शकते. चालू असलेली सगळी औषधे, पाठदुखीसाठी मध्येच घेतलेल्या गोळ्यांसह, एका कागदावर लिहून न्या. काही औषधांनी वजन वाढते. सुरुवातीचा आणि आजचा कमरेचा घेर सांगता आला तर उत्तम. सुरुवातीचा मोजलेला नसेल तर तेव्हा अंगाला बसणारा एखादा कुर्ता उसवण्यापूर्वी कमरेपाशी मोजून घ्या. आणि त्यांना नेमके एवढेच विचारा की, तुमच्या साखरेसाठी ७५ पुरेसे आहे की अजून चार-पाच किलोंची गरज आहे, आणि असेल तर ते कोणत्या मुदतीत.